दलदल : बाहेरची आणि आतली

(पर्युषण काळातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून अनेक विद्वानांची आणि त्यागीजनांची प्रवचने आपण ऐकली. त्यांच्या पंक्तीत मला उभे करण्यात आले, हा आयोजकांचा मोठेपणा होय. मी पंडित नाही. चाळीस वर्षे गादीवर बसून कापड मोजणारा एक सामान्य व्यापारी आहे. विषय कोणता घ्यावा, असे विचारले तेव्हा मी म्हणालो, ‘दलदल’. आयोजक क्षणभर गप्प राहिले. पर्युषणात क्षमा, मार्दव, आर्जव असे विषय असतात, त्यात हा चिखल कुठून आला, असे त्यांना वाटले असावे. आपल्यालाही तसेच वाटले असल्यास थोडा धीर धरावा, एवढीच प्रार्थना.

प्रथम शब्दाकडे पाहू. जिथे जमीन दिसते पण पाय टेकत नाही, पाणी दिसते पण पोहता येत नाही, ती दलदल. जमीन म्हणावी तर जमीन नव्हे आणि तळे म्हणावे तर तळे नव्हे. तिचा धोका पाण्याहून निराळा आहे. नदीला पूर आला की माणूस काठावरच थांबतो, कारण नदी आपले रूप लपवीत नाही. दलदलीवर मात्र हिरवे गवत उगवलेले असते, त्यामुळे पाय निःशंकपणे पुढे पडतो.

मराठीत या वस्तूसाठी शब्दांची श्रीमंती आहे. संस्कृतातून आलेले पंक आणि कर्दम आहेत. चिखल आहे, आणि त्याचे नाते प्राकृतातील ‘चिक्खल्ल’ या शब्दाशी आहे. ज्या प्राकृताच्या कुळात आपले आगम बोलले, त्याच कुळातला शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे, याचा मला मोठा आनंद वाटतो. गाळ आहे, राड आहे, आणि आपल्या विदर्भात घरोघरी बोलला जाणारा ‘गारा’ आहे. पावसाळ्यात बाहेरून येणाऱ्या मुलाला आई अजूनही दारातच थांबविते, “पायाचा गारा धू आधी.”

गंमत अशी, की यांतील एकही शब्द केवळ जमिनीपुरता राहिला नाही. ‘राडा’ म्हणजे चिखल आणि राडा म्हणजे भांडणही. निवडणुकीत ‘चिखलफेक’ होते. धंदा ‘गाळात’ जातो आणि एखादा भला माणूस आपल्याला ‘गाळातून वर काढतो’. कर्जात माणूस ‘रुततो’, एकदा चूक झाली की ‘पाय खोलात जातो’. सर्वांत बोलका शब्द मला ‘फसणे’ हा वाटतो. नागपूरकडे आपण म्हणतो, ‘गाडी चिखलात फसली’, आणि आपणच म्हणतो, ‘अमका सौद्यात फसला’. रुतणे आणि ठकले जाणे या दोन्ही क्रियांना लोकांनी एकच शब्द दिला. व्याकरणकाराला कदाचित हा योगायोग वाटेल. मला त्यात अनुभव दिसतो. कारण जो रुतला तो आधी ठकला गेलेलाच असतो, आणि पुष्कळदा ठकविणारा तो स्वतःच असतो.

आता आपल्या गावाची एक कथा सांगतो. कापडाशी संबंध असल्याने ती मला विशेष प्रिय आहे. १८७४ साली जमशेदजी टाटांनी कापड गिरणीसाठी कंपनी स्थापन केली आणि मुंबई सोडून नागपूरची निवड केली. येथे कापूस जवळ, रेल्वे जवळ आणि बाजारपेठही जवळ. जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या परिसरात त्यांनी सुमारे १० एकर जागा घेतली. ती जागा दलदलीची होती. गाड्यांवर गाड्या माती आणून ती भरावी लागली. त्यांच्या चरित्रात अशी आठवण दिली जाते, की येथील एका मारवाडी सावकाराने त्यांना पैसा देण्याचे नाकारले. जो गृहस्थ खड्डे बुजविण्यासाठी जमिनीत सोने ओततो आहे, त्याला कर्ज कोण देणार, असा त्याचा रोख होता. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली, भरभराटीला आली, आणि त्याच सावकाराने मोकळ्या मनाने आपली चूक कबूल केली. या माणसाने जमिनीत सोने घातले नाही, माती घातली आणि सोने काढले, अशा अर्थाचे त्याचे उद्गार सांगितले जातात.

ही कथा आपण उद्यमशीलतेचा धडा म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिचा उत्तरार्ध सहसा सांगत नाही. तीच गिरणी शंभर वर्षांनंतर तोट्यात रुतत गेली. १९८६ साली ती टाटांकडून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. जमिनीतील दलदल मातीने भरून निघाली. हिशेबाच्या वहीतील दलदल मात्र मातीने भरत नाही. बाहेरची दलदल आणि आतली दलदल यांतील हा पहिला फरक आपण ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. दख्खनच्या काळ्या दगडाची युगानुयुगे झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. म्हणून पावसाळ्यात ती बैलाचा खूर सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण हाच पाणी धरून ठेवण्याचा गुण कपाशीला जगवितो. जी माती गाडीचे चाक रुतविते, तीच माझ्या दुकानातील पांढऱ्या तागाची आजी आहे. तेव्हा माती मुळात वाईट नाही. तिच्यात कसे उतरावे आणि कसे बाहेर यावे, हे न कळणे वाईट.

मग दलदलीत फसलेल्याने काय करावे? येथे विज्ञान काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. २००५ साली अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी रुतत्या वाळूचा अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की माणूस तिच्यात पूर्ण बुडत नाही, कारण त्या घट्ट मिश्रणाची घनता मानवी देहाच्या जवळजवळ दुप्पट असते. तो साधारण कमरेपर्यंत जातो. परंतु जितके हातपाय झाडावेत तितकी वाळू पातळ होते आणि पाय खाली जातो. मग ती खाली बसून अशी घट्ट होते, की पाय वेगाने उपसू म्हटले तर एखादी मोटार उचलण्याइतके बळ लागावे. सुटका कशात? धडपड थांबविण्यात, अंगाचा भार पसरून देण्यात आणि पाय हळूहळू हलवून त्याभोवती पाणी शिरू देण्यात. सारांश, माणसाला दलदल मारीत नाही, त्याची घाई मारते. फसलेला तिथेच अडकून पडतो, आणि मग तहान, भूक, ऊन किंवा वैरी त्याला गाठतात.

बंधूंनो, हेच वर्णन आपल्या आगमात आले आहे. ज्ञाताधर्मकथेच्या पहिल्याच अध्ययनात मेघकुमाराची कथा आहे. राजा श्रेणिकाचा हा पुत्र दीक्षा घेतो आणि पहिल्याच रात्री, येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय लागून झोप न मिळाल्याने, परत घरी जाण्याचा विचार करतो. तेव्हा भगवान महावीर त्याला त्याचे पूर्वभव सांगतात. एका भवात तो सुमेरुप्रभ नावाचा हत्ती होता. वनात वणवा लागला, तहानेने व्याकूळ होऊन तो एका सरोवरात उतरला. पाणी थोडे होते आणि चिखल फार. सोंड पाण्यापर्यंत पोहोचेना. बाहेर येण्यासाठी त्याने जोर केला आणि तो अधिकच रुतला. त्याच वेळी तेथे एक तरुण हत्ती पाणी प्यायला आला. याला सुमेरुप्रभाने पूर्वी कळपातून हुसकून लावले होते. त्याने जुने वैर स्मरून दातांनी वार केले. सात दिवस वेदना सोसून सुमेरुप्रभ मरण पावला.

आपण सहसा या कथेचा पुढचा भागच सांगतो. पुढच्या भवात तो मेरुप्रभ हत्ती झाला, वणव्यात सर्व प्राणी त्याच्या मोकळ्या मैदानात गोळा झाले, अंग खाजविण्यासाठी त्याने पाय उचलला, त्या जागी ससा येऊन बसला, आणि तो चिरडू नये म्हणून अडीच दिवस-रात्र त्याने पाय खाली टेकला नाही. करुणेची अशी उंच कथा दुसरी नाही. पण या दोन भवांना शेजारी ठेवून पाहा. पहिल्या भवात पाय उपसण्याची घाई होती, दुसऱ्या भवात पाय न टेकण्याचा संयम. पाय तोच, जीव तोच. पहिल्यात तो फक्त स्वतःसाठी पाय हलवीत होता. मला तर वाटते, की रुतण्यापासून सुटकेपर्यंतचा सगळा प्रवास या दोन पावलांत आला आहे.

उत्तराध्ययन सूत्राच्या तेराव्या अध्ययनातही हा हत्ती आहे. चित्त आणि संभूत हे अनेक जन्मांचे भाऊ. एक मुनी झाला, दुसरा ब्रह्मदत्त चक्रवर्ती. मुनी त्याला समजावितो. त्यावर राजाचे उत्तर मोठे प्रामाणिक आहे. चिखलात फसलेल्या हत्तीला काठ दिसत असतो, पण तो काठाला जाऊ शकत नाही, तशी आपली स्थिती झाल्याचे तो सांगतो. म्हणजे अज्ञान नव्हते. काठ दिसत होता. आपल्यापैकी कितीजणांची स्थिती अशी असेल, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःपाशी द्यावे.

माझे मी देतो. इतका वेळ जो विषय मी शास्त्रातून मांडला, तो मी शास्त्र वाचून शिकलो नाही.

१९९५ च्या लग्नसराईपूर्वी मी सूटिंगचा मोठा माल उधारीवर उचलला. भाव चढत होते. आणखी चढतील या हिशेबाने गरजेच्या दुप्पट गाठी भरल्या. भाव पडला, माल पडून राहिला आणि देणी उभी राहिली. ती फेडण्यासाठी ९ लाख रुपये शेकडा दोन रुपये महिन्याच्या दराने घेतले. व्याजाचे दरमहा १८ हजार. ते गल्ल्यातून निघेनात, म्हणून व्याजासाठी दुसरीकडून कर्ज, त्या कर्जासाठी तिसरीकडून. २० महिन्यांत ९ लाखांचे १३ लाख ३७ हजार झाले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चक्रवाढ व्याजाचे गणित मला परीक्षेत सुटले होते, संसारात सुटले नाही. जागा विकत घेतलेल्या दुकानाला आपण ‘गाळा’ म्हणतो. गाळ्यात बसलेला माणूस गाळात कधी गेला, हे शेजारच्या गाळ्यालाही कळले नाही. कारण मी दररोज वेळेवर दुकान उघडत होतो, इस्त्रीचा सदरा घालत होतो आणि लग्नाच्या आहेरात पूर्वीपेक्षा मोठे पाकीट देत होतो. वर हिरवे गवत होते.

घरीही सांगितले नव्हते. त्या काळात मी हातपाय मारण्यात कसूर केली नाही. मुंबईच्या फेऱ्या केल्या, नवा माल आणून जुन्याचा तोटा भरून काढण्याचा डाव टाकला, आणि प्रत्येक वेळी वीतभर खाली गेलो.

एके दिवशी सकाळी देवदर्शन करून बाहेर येत असता आपल्या ट्रस्टचे एक वयोवृद्ध विश्वस्त मला म्हणाले, “बाळ, तू देवासमोर डोळे मिटून उभा असतोस, पण तुझ्या ओठांवर आकडे असतात. काय झाले?” मी टाळाटाळ केली. ते ओसरीवर बसले आणि मला शेजारी बसवून त्यांनी त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. तळ्याच्या गाळात बैल फसला तर नवखे लोक त्याची शिंगे धरून ओढतात. बैल घाबरतो, पाय झाडतो आणि संपतो. जाणता माणूस आधी त्याला शांत करतो, त्याच्या पोटाखाली तणस आणि फळ्या सरकवितो, अंगावरचे जू काढतो. “तू आधी जू काढ,” ते म्हणाले. “नवा माल आणणे आज बंद कर. आणि आडवा हो. उभे राहण्याची लाज सोड.”

त्या रात्री मी घरी सर्व सांगितले. सौभाग्यवतीने एकच प्रश्न केला, “हे मला आधी का नाही सांगितलं?” त्याला उत्तर नव्हते आणि आजही नाही. नंतर तीन संध्याकाळी ते काका माझ्यासोबत खतावणी घेऊन बसले. आठ देणेकरी निघाले. काकांच्या सांगण्यावरून मी आठही जणांना एकत्र बोलाविले आणि वह्या त्यांच्यापुढे उघड्या ठेवल्या. कोणी रागावले, एकाने अपशब्दही काढले. पण तासाभराने तेच म्हणाले, की पळून गेला नाहीस, लपविले नाहीस, आम्ही पुढचे व्याज सोडतो, मुद्दल दे. पडून असलेला माल रुपयाला साठ पैसे या भावाने काढला. दोन गाळ्यांपैकी एक विकला. उरलेले फेडायला सहा वर्षे लागली. २००३ च्या दिवाळीत शेवटचा हप्ता दिला, त्या वर्षीचे वहीपूजन मी विसरणार नाही.

काकांनी मला एक रुपयाही दिला नाही, हे मुद्दाम सांगतो. सूत्रकृतांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात पुष्करिणीचा दृष्टान्त आहे. पाणी आणि चिखल यांनी भरलेले तळे, मधोमध एक अप्रतिम श्वेतकमळ. चार दिशांनी चार पुरुष येतात. प्रत्येकजण आधी फसलेल्याला अडाणी ठरवितो, स्वतःला कुशल म्हणवितो, कमळ आणण्यासाठी उतरतो आणि मध्येच रुततो. ना काठ, ना कमळ. पाचवा एक भिक्षू येतो. तो तळ्यात उतरत नाही. काठावर उभा राहून साद घालतो आणि कमळ वर येते. सूत्रातच खुलासा आहे, की चिखल म्हणजे कामभोग आणि काठ म्हणजे धर्मतीर्थ. तो दृष्टान्त मोक्षमार्गाचा आहे, माझ्या उधारीचा नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही काकांचे स्मरण झाले, की मला काठावर उभा असलेला तो भिक्षू आठवतो. आणि आधी फसलेल्यांना हसून आत उतरलेले ते चौघे आठवले, की आरशात पाहिल्यासारखे वाटते. १९९५ पूर्वी बुडालेल्या व्यापाऱ्यांविषयी मी गादीवर बसून काय काय बोललो होतो!

एक गोष्ट मात्र फिटली नाही. दलदलीत फसलेला जीव जवळच्यालाही आत ओढतो. गाळा विकला तेव्हा दुकानातील दोन माणसे कमी करावी लागली. त्यांपैकी एक वडिलांच्या वेळेपासूनचे होते. त्यांचा काहीच दोष नव्हता. दिवस पालटल्यावर त्यांना परत बोलवू, असे मी मनाशी ठरविले होते. २००३ साली निरोप धाडला, तेव्हा कळले की ते आपल्या गावी वारले. देणेकऱ्यांची मुद्दल मी फेडली, पण या एका खात्याला जमेची बाजू नाही. पर्युषणात दरवर्षी मी क्षमा मागतो आणि दरवर्षी ऐकणारा समोर नसतो.

आता माझ्या धंद्यातील एक दृष्टान्त, तोही शास्त्रातलाच. लोभ मनाला कसा लागतो हे सांगताना आपल्या आचार्यांनी कापडाच्या रंगाची उपमा घेतली आहे. स्थानांगात चार रंग आहेत. कृमिराग म्हणजे किड्यांपासून काढलेला किरमिजी रंग, कर्दमराग म्हणजे चिखलाचा, खंजनराग म्हणजे गाडीच्या वंगणासारखा, आणि हरिद्राराग म्हणजे हळदीचा. दिगंबर परंपरेत गोम्मटसारातही किरमिज, चाकाचे वंगण, अंगाचा मळ आणि हळद अशीच उतरंड आहे. हळदीचा डाग उन्हात उडतो. किरमिजी रंग कापडाबरोबरच जातो. दोन्ही परंपरांच्या आचार्यांनी कापडाच्या बाजारात येऊन पाहणी केली असावी, असे वाटावे इतके हे अचूक आहे. चिखलाच्या डागाविषयी मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, की ओला असता चोळू नका. चोळला की तो धाग्याच्या पोटात शिरतो. वाळू द्या, झटका, मग धुवा. संतापाचे आणि अपमानाचेही तसेच आहे. ओल्या डागाला हात न लावणे, हीसुद्धा क्षमेची एक पायरी होय.

आणखी एक. राजस्थानात ‘दाबू’ नावाची छपाई होते. चिकणमाती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचे पीठ यांचा लगदा ठशाने कापडावर लावतात आणि मग कापड निळीत बुडवितात. जिथे चिखल लागला तिथे नीळ चढत नाही. शेवटी चिखल धुऊन टाकला की नक्षी उमटते. म्हणजे चिखलही कापडाचे रक्षण करतो, मात्र तो वेळेवर धुता आला पाहिजे. कठीण दिवसांनी मला काही गोष्टींपासून वाचविले. त्यानंतर पुष्कळ तेजी आली, पुष्कळांनी आग्रह केला, पण माझ्यावर ती नीळ चढली नाही.

आचार्य कुंदकुंदांनी समयसारात सोने आणि लोखंड यांचे उदाहरण दिले आहे. दोन्ही चिखलात पडली. सोन्याला काही होत नाही, लोखंडाला गंज चढतो. रागरहित ज्ञानी सोन्यासारखा आणि आसक्त अज्ञानी लोखंडासारखा, असा त्याचा भाव. आपण गृहस्थ आहोत. चिखल टाळून आपल्याला चालणार नाही, कारण संसार आणि व्यापार हेच आपले क्षेत्र आहे. सोने होणे दूरची गोष्ट. निदान आपण लोखंड आहोत हे ओळखून आपला मुक्काम तरी मर्यादित ठेवावा. परिग्रह-परिमाण व्रताचा व्यवहारातील अर्थ मला तरी एवढाच कळला आहे : किती गाठी भरायच्या, ते भाव चढण्यापूर्वीच ठरवून ठेवणे.

येथे एक सावधगिरीचा शब्द. मनातील दलदल वाईट म्हणून भूमीवरील दलदलीचा तिरस्कार करू नये. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत तळी-सरोवरे शोषून कोरडी करण्याचा व्यवसायही आहे. तेथे असंख्य जीव राहतात आणि तीच भूमी पावसाचे पाणी सामावून घेते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या नागपुरात काय झाले ते आपण पाहिले आहे. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. दुसऱ्या दिवशी माझ्या एका परिचिताच्या तळघरातून आम्ही चिखलाने माखलेले कापड बाहेर काढीत होतो. पाण्याची जागा आपण घेतली की पाणी आपली जागा घेते.

शेवटी माझी एक विनंती आहे, आणि खरे म्हणजे तेवढ्यासाठीच मी उभा राहिलो. माझ्या वेळी दलदलीत उतरायला निदान बाजारात जावे लागे. आता ती खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी प्रत्येकी सुमारे दोन लाख रुपयांचा. हे आकडे दूरचे नाहीत. आपल्या समाजातील तरुण त्यात आहेत. ते वेळेवर दुकान उघडतात, इस्त्रीचा सदरा घालतात, आणि देवासमोर उभे असताना त्यांच्या ओठांवर आकडे असतात.

ट्रस्टने ५० वर्षांत मंदिराचा जीर्णोद्धार केला, विद्यार्थ्यांना साहाय्य केले, रुग्णांना औषधे दिली. आता या भवनातील एक लहान खोली द्यावी. आठवड्यातून एक संध्याकाळ, हिशेब समजणारे दोन ज्येष्ठ तेथे बसावेत. कर्ज देऊ नये, उपदेश करू नये, नाव बाहेर जाऊ देऊ नये. जो येईल त्याच्या वह्या त्याच्यासोबत उघडाव्यात, घरच्यांना कसे सांगावे याला धीर द्यावा आणि देणेकऱ्यांपुढे जाताना सोबत चालावे. यासाठी निधी लागत नाही. लागतो तो काठ. माझ्यासाठी तो काठ या भवनाच्या ओसरीवर निघाला. ज्यांनी तो दिला ते काका आज हयात नाहीत. त्यांचे ऋण त्यांना परत करता येत नाही, पुढच्याला देता येते. विश्वस्त मंडळाने मान्यता दिल्यास पहिल्या संध्याकाळी त्या खोलीचे कुलूप उघडण्यास मी हजर राहीन.

आणि या सभागृहात आज कोणी रुतलेला बसला असेल, तर त्याला एवढेच सांगतो : बंधो, तू कमरेपर्यंतच गेला आहेस. तू बुडणार नाहीस. हातपाय झाडणे थांबव, आणि हाक मार.

माझ्या बोलण्यात जिनवाणीच्या विरुद्ध काही आले असल्यास, अथवा कुणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्. 

जय जिनेंद्र!